दोनदा उतरलेली गव्हाण

टेम्पो दुपारी यायचा होता, पण भांडण सकाळच्या चहाबरोबरच पडवीत येऊन बसलं.

विकलेली बोकडं टेम्पोत भरायच्या दिवशी या घरात कामापेक्षा माणसं जास्त आणि माणसांपेक्षा मतं जास्त, हे ठरलेलंच होतं. आबांचा थोरला मुलगा शहरातून मोटारसायकलवर आला होता. तिकडे त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याची बायको आली नव्हती. तिचं डोकं दुखत होतं, आणि ते दर वर्षी नेमकं याच दिवशी दुखायचं. बिचारीचं डोकं बोकडांच्या वासाला भितं, असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे आबांची बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती इथलीच झाली, आणि आल्या दिवसापासून कोणाच्या ना कोणाच्या विरुद्ध होती. आज ती कोणाच्या विरुद्ध आहे ते अजून कळलं नव्हतं, म्हणून सगळेच जरा जपून बोलत होते.

धाकटी सून चहाला थांबली नव्हती. गोठ्याचं सगळं तीच बघायची. नवरा, म्हणजे घरातला धाकटा, चारा कापून आणायचा आणि ती सांगेल ते करायचा. आत्ता ती भटक्या नावाच्या बोकडाच्या पाठीवरच्या तांबड्या रेघेकडे बघत उभी होती.

रेघ काल संध्याकाळी चिमटेशेठनं ओढली होती. व्यापाऱ्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल. जनावराच्या शेवटच्या बरगडीमागे चिमटा घेऊन तो अंगावरचं मांस जोखायचा, म्हणून हे नाव पडलं. चिमटा पसंत पडला की खिशातून तांबडी कांडी काढायची आणि पाठीवर एक रेघ. रेघ पडली की बोकड त्याचा, मग टेम्पो उद्या येवो नाहीतर आठवड्यानं. ती पुसायची असेल तर ज्यानं शब्द दिला त्यानंच पुसायची, चारचौघांसमोर, आणि एकाच्या बदल्यात दोन जनावरं द्यायची, तीही व्यापारी बोट दाखवेल ती. आजूबाजूच्या दारांत असं एखाद्या वेळी झालं होतं. आबांच्या दारात कधीच नाही. आबांना त्याचा एवढा अभिमान होता की एकदा विषय निघाला की चहा गार व्हायचा.

भटक्यानं मान वळवून तिच्या पदराचं टोक तोंडात धरलं.

"सोड रे," ती म्हणाली. "सगळ्यात जड व्हायची घाई झाली होती ना तुला? भोग आता."

जडात जड आधी जायचा, हा या घरचा नियम. आबांच्या वडिलांनी घालून दिलेला. पहिल्या टेम्पोत जाणारं जनावर हे दाराचं तोंड असतं, ते उजळ पाहिजे, असं ते म्हणायचे म्हणे. त्यामुळे दर वर्षी तोलदार, रुंद छातीचे, उंच पाठीचे बोकड जायचे, आणि चिमटेशेठ ज्याला हात लावून सोडून देई तो मागे राहायचा. मागे राहिलेल्याला काहीतरी काम हवं, म्हणून तोच पैदाशीला. सध्याच्या पैदाशीच्या बोकडाचा पुढचा एक पाय आखूड होता आणि चिमटेशेठनं त्याला तीनदा नाकारला होता. आत्यानं त्याचं नाव नवरदेव ठेवलं होतं. कुठेच खपला नाही तो आमचा जावई, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

धाकटीला यात हसू येईनासं झालं होतं. भटक्याच्या मानेवर हात ठेवून तिनं मनाशी पक्कं केलं की आज बोलायचं, आणि ती पडवीत गेली.

थोरल्याचं आधीच बोलून झालेलं दिसत होतं. आबा खाटेवर ताठ बसले होते.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

"सगळंच भरू म्हणतोय मी," थोरला म्हणाला. "बोकडं, शेळ्या, करडं, झाडून सगळं. गोठा मोकळा. काल चिमटेशेठ काय म्हणाला ते ऐकलंस ना? माल दर वर्षी हलका होतोय, एवढ्यासाठी या वळणापर्यंत टेम्पो आणणं परवडत नाही. पुढच्या वर्षी तो येणार नाही. मग ही बोकडं काय डोक्यावर घेऊन बाजारात नेणार? धाकट्याला मी दुकानात घेतो. तुम्ही सगळेच चला."

"ह्यांना विचारलंत?"

थोरल्यानं भावाकडे बघितलं. धाकट्यानं कपात बघितलं. कप रिकामा होता तरी तो बघतच राहिला, आणि धाकटीला कळलं की विचारून झालंय, हो म्हणूनही झालंय, आणि हे सगळं तिच्या पाठीमागे झालंय. तिनं तो कप त्याच्या हातातून काढून घेतला.

"कधी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मागच्या महिन्यात. फोनवर." धाकटा खाली बघतच म्हणाला. "अगं, मी म्हटलं बघू. हो असं नाही म्हटलं."

"तुमचं बघू म्हणजे हो असतं. लग्नाच्या वेळीसुद्धा तुम्ही बघूच म्हणाला होतात."

आत्या खुदकन हसली. आबा हसले नाहीत.

"मी एक विचारते," धाकटी म्हणाली. "माल हलका होतो, माल हलका होतो, सगळे म्हणतात. का होतो ते कुणी विचारलं? आबा, दर वर्षी आपण उत्तम तेवढं विकतो. शेळ्यांना ठेवतो कोण? ज्याला कुणी घेतलं नाही तो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझं म्हणणं एवढंच आहे, की एकदा उलटं करून बघू. नवरदेवाला टेम्पोत चढवू, आणि भटक्याला ठेवू."

"चारा कमी पडतो म्हणून हलका होतो," आबा म्हणाले. "पाऊसपाणी पहिल्यासारखं नाही. शेळ्या आधीपासून एवढ्याच आहेत."

"एवढ्याच नसणार."

"तू बघितल्या होत्यास?"

ती या घरात आली तेव्हाच्या शेळ्या आणि आत्ताच्या शेळ्या, फरक होता तो बोटभर. बोटभर फरकावर सासऱ्यांशी भांडता येत नाही.

"आणि भटक्याला ठेवायचं म्हणतेस," आत्या म्हणाली, "तो आहे तरी कोणाचा? त्याची आई दोन दिवस कळप सोडून पळाली होती. तिसऱ्या दिवशी आली ती काय मान वर करून आली! लेकरू कोणाचं ते तिचं तिलाच ठाऊक."

त्या शेळीचं नाव तेव्हापासून पळपुटी पडलं होतं. भटक्या जन्मला तोच मोठा. त्याची जुळी बहीणही तशीच. आबांनी मात्र त्याला कधी आपला म्हटलं नाही. बाहेरचं रक्त, ते पहिल्या टेम्पोत जाईल, असं ते तो उभा राहायला शिकत होता तेव्हाच म्हणाले होते.

"कोणाचा का असेना, अंग धरतोय ना?" धाकटी म्हणाली. "बाहेरून आलेलं सगळंच वाईट असतं का?"

हे जरा जोरात गेलं. बाहेरून आलेली ती स्वतःच होती, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

"रेघ ओढून झाली आहे," आबा शेवटी म्हणाले. "शब्द गेला. तो बोकड आता माझा नाही, तर तुझा कुठून असेल?"

"आणि बाकीच्यांचं?"

आबांनी गुडघे चोळले. "थोरला म्हणतो तसं होऊ दे. माल घ्यायला कुणी येत नसेल तर पाळून काय करायचं?"

"मी भरू देणार नाही," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच ऐकू आलं. "बोकडांवर रेघा आहेत, ते नेऊ दे. शेळ्यांवर कुणाची रेघ नाही. मी दारात उभी राहीन आणि चिमटेशेठला सांगेन, आधी मला उचलून बाजूला ठेव."

"तुला चिमटा घेऊन बघेल तो," आत्या म्हणाली, "आणि सोडून देईल. हाडं नुसती." पण असं म्हणताना ती उठून धाकटीच्या बाजूच्या पायरीवर जाऊन बसली. थोरल्याच्या ते लक्षात आलं.

"आत्या, तू पण?"

"मी कुणाकडून नाही. इथे ऊन लागत नाही एवढंच. आणि तू रे, वर्षातून एकदा येतोस आणि उंटावरून शेळ्या हाकतोस. तुझ्या दुकानात मी कुठे बसू? गॅसच्या नळकांड्यावर?"

थोरला उठला, मोटारसायकलच्या डिकीतून पाने आणि हातोडी काढली आणि गोठ्याकडे गेला. रिकाम्या हातानं वाद घालणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

*

गोठा मोकळा करायचाच तर गव्हाणीचं लोखंड वाया का घालवा, असा त्याचा विचार होता. गव्हाण त्यानंच बनवलेली. शहरात काम शिकून आल्यावरचं पहिलं मोठं काम: मागे पत्रा, पुढे तिरप्या सळ्या, शेळ्या मान वर करून त्यातून चारा ओढतील अशी. घरातल्या जुन्या लाकडी गव्हाणीच्या जागी, भिंतीलगतच्या दोन जाड खांबांना बोल्टनं बसवलेली. त्यातलं वेल्डिंग आज बघून त्याला लाज वाटली. कुठे फुगलंय, कुठे जळालंय. पण इतक्या वर्षांत एक सांधा सुटला नव्हता.

आपण वाईट वागतोय असं त्याला वाटत नव्हतं. धाकट्याची पाठ धरते, हे त्याला घरातल्या कुणाही आधी कळलं होतं, कारण धाकटा मोटारसायकलवर मागे बसताना आता आधी हात टेकतो. भाऊ चारा वाहून वाहून वाकायच्या आत त्याला बाहेर काढायचं होतं. हे त्यानं पडवीत सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं, पण असलं काही त्याला बोलता येत नसे. त्याऐवजी तो टेम्पो परवडत नाही असलं काहीतरी बोलायचा.

बोल्ट गंजले होते. तेल सोडून, पाना लावून, शिव्या देऊन एक एक सुटला. शेळ्या बाजूला होऊन बघत होत्या. नवरदेव तीन पायांवर जोर देऊन उभा होता. शेवटचा बोल्ट निघाला तसा पत्र्यासकट सगळा सांगाडा त्यानं खांद्यावर तोलून खाली ठेवला आणि घाम पुसायला वळला.

खांबांवर पत्र्यामागची जागा पहिल्यांदाच उघडी पडली होती. धूळ, जाळी, वाळलेला पाला. त्यानं हातानं झटकलं. त्याच्या बोल्टांची भोकं दिसली, दोन्ही खांबांवर समोरासमोर. त्यांच्या वर चार बोटांवर आणखी दोन भोकं, चौकोनी, जुन्या खिळ्यांची. आणि त्याच्याही वर, जवळजवळ वीतभर, अंगठा जाईल एवढी गोल भोकं, आत लाकडी खुंट्यांचे कुजके तुकडे अडकलेले.

आधी त्याला काही वाटलं नाही. मग त्यानं गव्हाण बसवली तो दिवस आठवला. त्या दिवशी आबा म्हणाले होते, अरे जरा खाली घे, पोहोचत नाहीत त्या. त्यानं चार बोटं खाली घेतली होती. त्यात विशेष काही नव्हतं. शेळ्यांची सोय बघायची, एवढंच.

म्हणजे खिळे आबांचे. आणि खुंट्या आजोबांच्या.

त्यानं वरच्या भोकाशी हात नेला. मग जवळच्या एका शेळीला मानेला धरून खांबाशी आणली. तिनं मान ताणली, पुढचे पाय टेकवायला बघितलं. गव्हाण त्या खुंट्यांवर असती तर तिच्या तोंडाला सळीचं खालचं टोकही लागलं नसतं. आणि आजोबा काही वेडे नव्हते. त्यांनी गव्हाण बसवली ती समोर उभ्या असलेल्या शेळ्या बघूनच.

थोरला तिथेच पालथ्या बादलीवर बसला. पत्रा परत टेकवून ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. दुपारी टेम्पो भरला असता, संध्याकाळी तो भावाला घेऊन शहराच्या वाटेला लागला असता. हे त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण तो वेल्डर होता, आणि माप चुकलेलं दिसल्यावर गप्प बसायची त्याला सवय नव्हती.

"आबा!" त्यानं हाक मारली. "जरा इकडे या. नाही, एकटे नका येऊ, सगळेच या."

*

आबांना लांबचं दिसायचं, जवळचं दिसेनासं झालं होतं. त्यामुळे थोरला जे दाखवत होता ते त्यांनी बोटांनी बघितलं.

पहिलं भोक थोरल्याचं. दुसरं त्यांचं स्वतःचं. ते बोट लागल्याबरोबर ओळखू आलं, कारण एक खिळा तेव्हा वाकडा गेला होता आणि लाकूड चिरलं होतं. वडील गेल्यानंतरचं ते वर्ष. शेळ्या चाऱ्यासाठी उड्या मारत होत्या, चारा सांडत होता. त्यांना दया आली, आणि आपण किती बारीक लक्ष देतो याचं कौतुकही वाटलं होतं. त्यांनी गव्हाण उतरवली.

"आणखी वर," थोरला म्हणाला.

आबांनी हात वर नेला. गोल भोकात अंगठा गेला आणि कुजक्या खुंटीचा भुगा नखात आला. हात त्यांच्या छातीशी होता. त्या उंचीवर त्यांना एकदम वडिलांचा काळा बोकड आठवला. त्याच्या पाठीवर बसून त्यांनी अंगणात फेरी मारली होती आणि पडून दात पाडून घेतला होता. आयुष्यभर त्यांनी समजूत करून घेतली होती की आपण तेव्हा लहान होतो, म्हणून तो बोकड एवढा मोठा वाटायचा.

"दादा," आत्या म्हणाली, "तो काळा."

"हो."

"मला वाटायचं मी लहान होते म्हणून."

"मलाही तसंच वाटायचं," आबा म्हणाले.

मी सांगत होते ना, असं धाकटी म्हणाली नाही, आणि याबद्दल आबा पुढे कायम तिचे मनात आभार मानत राहिले. तिनं त्या वेळी एक शब्द काढला असता तर ते हट्टाला पेटले असते. त्यांना स्वतःचा स्वभाव माहीत होता.

"शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड," ते हळूच म्हणाले. "आणि पाळणारा म्हणतो चारा कमी पडला." त्यांनी हात धोतराला पुसला. "दर वर्षी एवढं एवढं कमी झालं. आपण काय केलं? गव्हाण खाली घेतली."

त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ते कामाला लागायचे. त्यांनी थोरल्याला विचारलं, "टेम्पोला किती वेळ आहे?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. वळणावर हॉर्न वाजला.

*

चिमटेशेठ उतरला तो नेहमीसारखा हसत उतरला. माणूस वाईट नव्हता. वजनात कधी काटा मारायचा नाही, चहाला नाही म्हणायचा नाही. आज मात्र दारात सगळं घर ओळीनं उभं बघून तो जरा थबकला.

"काय हो, फोटो काढायचाय?"

"शेठ, आधी मी बोलतो," आबा म्हणाले. हातात ओलं फडकं होतं. धाकटीनं ते बघितलं. इतका वेळ तिला फक्त बोकड दिसत होता. आबांच्या हातातलं फडकं तिनं कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. हा माणूस म्हातारपणी, सगळ्यांसमोर, ज्याच्या जोरावर इतकी वर्षं ताठ बसला तीच गोष्ट मोडणार होता.

"आबा," ती म्हणाली, "राहू दे. दुसरं काहीतरी करू."

"गप्प बस, पोरी. सकाळपासून बोलतेस ते पुरे झालं." त्यांनी भटक्याला कानाला धरून पुढे आणला आणि चिमटेशेठकडे बघत म्हणाले, "मी काल याचा शब्द दिला होता. तो मोडतो आहे. माझी चूक मला आज कळली. त्याबद्दल जो नियम आहे तो मला मान्य आहे."

त्यांनी रेघ पुसली. एकदा पुसून गेली नाही, केसांत उतरली होती. दुसऱ्यांदा त्यांनी जोर लावला तसा भटक्या मागे सरकला. धाकटा पुढे झाला, त्यानं वडिलांच्या हातातलं फडकं न घेता फक्त भटक्याला घट्ट धरून ठेवलं. सकाळपासून त्यानं आपणहून केलेलं हे पहिलंच काम होतं.

चिमटेशेठनं डोक्याला हात लावला. "आबा, तुम्ही? अहो, तुमचं नाव सांगून मी दुसऱ्यांना लाजवतो." मग त्यानं भटक्याकडे बघितलं, नाक मुरडलं. "याला खच्चीसुद्धा केलेलं नाही, म्हणून काल वासावरून मी किंमत पाडली होती. हे आधीपासूनच ठरलेलं दिसतंय."

धाकटीनं मान खाली घातली. इतर बोकडांना खच्ची केलं त्या दिवशी तिनं भटक्याला चाऱ्याच्या गंजीमागे बांधून ठेवलं होतं आणि विचारल्यावर झालं म्हणून सांगितलं होतं.

"मला माहीत होतं," आबा म्हणाले. "बोकडाचा वास गंजीमागे लपतो होय? तेव्हाच बोलणार होतो. का नाही बोललो कोण जाणे."

"बरं," चिमटेशेठ म्हणाला. "नियम म्हणजे नियम. एकाला दोन." तो गोठ्यात शिरला. शेवटच्या बरगडीमागे चिमटे घेत एकेका शेळीवरून पुढे गेला. गोठ्यातली सगळ्यात भरलेली पाठ कोणाची हे धाकटीला बघायची गरज नव्हती. तिनं डोळे मिटले नाहीत एवढंच.

"ही," चिमटेशेठ म्हणाला. पळपुटी. "आणि ती, कोपऱ्यातली."

कोपऱ्यातली एक भरदार शेळी होती, तिचं फारसं कुणाला वाटलं नाही. पण पळपुटीनं तीन वेतांत तीनदा जुळी दिली होती. एकदा धाकटीला ताप भरला होता तेव्हा ही दार ढकलून थेट आत आली होती आणि खाटेपाशी लेंड्या टाकून गेली होती. धाकटीला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही.

"शेठ, ती जरा..." धाकटा म्हणाला.

"नाही," धाकटी म्हणाली. "नियम म्हणजे नियम. आपणच मोडला, आपणच भरायचा." तिनं पळपुटीच्या गळ्यातलं दावं सोडलं, मूठभर पाला हातात घेतला आणि तिला स्वतः फळीवरून टेम्पोत चढवली. पळपुटी पाल्यामागे गेली, जशी ती कुणाच्याही मागे जायची. भटक्यानं एक हाक दिली, मग त्याचं लक्ष नवरदेवाकडे गेलं, कारण थोरला नवरदेवाला ओढत टेम्पोकडे आणत होता.

"अहो, याला मी तीनदा नाकारलाय!" चिमटेशेठ ओरडला.

"चौथ्यांदा नाकारू नका," आत्या म्हणाली. "मुलाकडच्यांनी कितीदा हात जोडायचे?"

चिमटेशेठ हसला आणि फळीवरून बाजूला झाला. रेघा असलेले बाकीचे बोकड चढले, साखळी लागली. गाडीत बसताना तो म्हणाला, "आबा, राग नाही. पण पुढच्या वर्षी मी येत नाही, ते काल सांगितलं तसंच आहे."

"पुढच्या वर्षी येऊच नका," धाकटी म्हणाली. डोळे अजून ओले होते. "पुढच्या वर्षीची चांगली करडं आम्हीच ठेवणार, विकायला काही नसेल. त्याच्या पुढच्या वर्षी या. आणि रिकामा टेम्पो घेऊन या."

चिमटेशेठनं आबांकडे बघितलं.

"ती म्हणते तसं," आबा म्हणाले.

*

टेम्पो वळणापलीकडे गेला तरी थोरला दारातच उभा होता. मग तो धाकट्याजवळ आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुझी पाठ दुखते. मला माहीत आहे. चारा कापायचं यंत्र मी बनवून देतो, आणि चाकांची गाडी. वाहून आणू नकोस."

"बघू," धाकटा म्हणाला.

"बघू नाही. हो म्हण."

"हो," धाकटा म्हणाला, आणि दोघंही जरा अवघडले.

गोठ्यात शेळ्या उघड्या खांबांपुढे गोळा झाल्या होत्या. चाऱ्याची वेळ होऊन गेली होती आणि गव्हाण जमिनीवर पडली होती. थोरल्यानं ती खांद्यावर घेतली, आपल्या बोल्टांच्या भोकांशी नेली.

"तिथे नको," आबा म्हणाले.

थोरला थांबला. "मग?"

"वर."

"तुमच्या खिळ्यांवर?"

"माझ्याही नको. वडिलांच्या खुंट्यांवर लाव."

"आबा, एकही पोहोचणार नाही. भटक्यासुद्धा नाही."

"माहीत आहे." आबा अंगणाच्या कडेला गेले. तिथे जुन्या पायरीचे चपटे दगड पडून होते. त्यांनी वाकून एक उचलला. धाकटी धावली, पण त्यांनी तो दिला नाही. पोटाशी धरून, दमत, गोठ्यात आणला आणि गव्हाणीखाली टाकला. "दगड लावा त्यांच्या पायांखाली. एकावर एक, लागतील तेवढे. पुढची करडं उंच निघाली की एक थर काढायचा. त्यांची पोरं निघाली की आणखी एक."

"तोपर्यंत तू कुठे असशील, दादा?" आत्या म्हणाली.

"मी नसेन. मोजायला ही आहे."

आत्यानं पदर खोचला आणि दगड आणायला गेली. आज ती कोणाच्याच विरुद्ध नव्हती. धाकटा तिच्या मागे गेला. थोरल्यानं कुजक्या खुंट्या उकरून काढल्या आणि भोकांत बोल्ट बसतात का ते बघितलं. ढिले होते, त्यानं लाकडाच्या चिपा ठोकून घट्ट केले.

धाकटीनं पाला भरला. शेळ्या दगडांवर चढल्या, ढकलाढकली केली, मग एकेक करून माना वर केल्या. भटक्याच्या पाठीवर तांबडं अजून थोडं राहिलं होतं. तो सगळ्यांत शेवटी आला, दगडाला नाक लावलं, दगडावर न चढता मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि सगळ्यात वरची फांदी ओढली.

आबांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून ते अंगणात मागे मागे सरकत गेले, नीट दिसेपर्यंत.